चावी कोणी फिरवली

फेब्रुवारीपासून व्हर्लिन ड्रेगरला एका जागी बसवत नव्हतं. गॅरेजमध्ये जायचा, पाना उचलायचा, कशासाठी उचलला ते आठवायचं नाही, पुन्हा खाली ठेवायचा. मग खिडकीशी येऊन रस्ता बघायचा. विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला त्या रस्त्यावर दुधाच्या टँकरखेरीज बघण्यासारखं काही नसे, आणि टँकर तर तो स्वतः उभा जन्म चालवत आलेला. तिसऱ्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना सापडला तेव्हा ती नोकरी गेली.

चौथ्यांदा मात्र गाडी हललीसुद्धा नव्हती.

गोठलेल्या तळ्यावर मासे धरायची स्पर्धा होती. बर्फाला भोक पाडून सगळं गाव गळ टाकून बसलेलं, ब्रँडीचा थर्मास या हातातून त्या हातात. व्हर्लिन मेव्हण्याच्या, गॉर्डीच्या, ट्रकमधून आला होता. दुपारी त्याचे पाय बधिर झाले तेव्हा गॉर्डीनं चावी फेकली. "जा, पाय शेकून घे. नाहीतर लोरेटा म्हणेल, भावानं नवरा गोठवून परत आणला."

ट्रक तळ्याकाठच्या सार्वजनिक वाहनतळावर होता. व्हर्लिन सवयीनं स्टिअरिंगमागे बसला, चावी फिरवली, हीटर लावला. काचेवर टकटक झाली तेव्हा बाहेर शेरीफच्या खात्याचा पोलीस उभा होता. तो व्हर्लिनला ओळखत होता. त्याला ओळखणारे पोलीस बरेच होते.

"पण मी कुठे गेलोच नाही!" वकीलबाईंसमोर तो तावातावानं म्हणाला. या मिसेस हॉफर. कोर्टानं दिलेल्या, थकलेल्या चेहऱ्याच्या.

"जायची गरज नाही. पिऊन चावी फिरवलीत, इंजिन सुरू केलंत, एवढं कायद्याला पुरतं. आणि तीन वेळा शिक्षा झालेल्या माणसाला दारूची सूट जवळजवळ नाहीच. एक पेग झाला तरी संपलं."

"पहिली केस मी पोरगा होतो तेव्हाची. मिशासुद्धा धड नव्हत्या."

"ती जुनी होत नाही."

"दोनदा तुरुंगात राहून आलो. वर्षभर गाडीत ते श्वासातली दारू तपासणारं यंत्र लावून फिरलो. फुंकल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. चर्चच्या दारात फुंकत बसायचो, बायका हसायच्या."

"ती शिक्षा झाली, मिस्टर ड्रेगर. मोजणी संपत नाही. चौथा म्हणजे इथे मोठा गुन्हा. तुरुंग आहे, लायसन्स जाईल." त्या जरा थांबल्या. "आणि बंदूक. जन्मभर हात लावायचा नाही."

तुरुंगाचं ऐकून तो हलला नव्हता. बंदुकीचं ऐकल्यावर मात्र उठून खिडकीशी गेला. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम लागला की त्या भागात कामाला माणूस मिळत नाही. सगळे रानातल्या झोपड्यांत. त्याची रायफल बापाची होती. गाल टेकायच्या जागी लाकूड दोन पिढ्यांनी गुळगुळीत केलेलं.

निघताना बाई म्हणाल्या, "तुम्ही बसायच्या आधीच इंजिन चालू असतं आणि तुम्ही कशाला हात लावला नसता, तर गोष्ट वेगळी होती."

त्या नुसतं सांगत होत्या. शुक्रवारी व्हर्लिनकडून ते ऐकलं आणि गॉर्डीनं धरून ठेवलं.

शुक्रवारी गावातल्या बारमध्ये तळलेला मासा खायला सगळे जमत. व्हर्लिन हल्ली सोडा पिई आणि पेल्यातला बर्फ काडीनं ढवळत राही.

"सोपं आहे रे," गॉर्डी पुढे वाकला. "इंजिन मीच चालू करून ठेवलं होतं. तू नुसता जाऊन बसलास. मी सांगतो कोर्टात."

"शपथेवर?"

"शपथेवर. लग्नातल्या शपथेपेक्षा ही हलकी."

"तुझी ती शपथ किती टिकली ते सगळ्या गावानं पाहिलंय," लोरेटा म्हणाली. "मासा खा."

गॉर्डी हसला, पण व्हर्लिनकडे बघताना त्याचे डोळे हसत नव्हते. "झोपडीत तुझ्याशिवाय काय करू मी? कॉफी कोण जाळणार?"

परतताना गाडी लोरेटा चालवत होती. व्हर्लिन हातमोजा काढत होता, घालत होता.

"मी त्याला नको म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा. मला एकच सांग. तो पोलीस पाच मिनिटं उशिरा आला असता तर?"

"तर काय? पाय शेकत बसलो असतो."

तिनं पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. घर आलं, तिनं गाडी बंद केली, तरी तो उतरेना.

"गळाचं आमिष संपलं होतं," शेवटी तो म्हणाला. "दुकान पलीकडच्या काठाला. रस्त्यानं दहा मिनिटंसुद्धा नाहीत."

"म्हणजे?"

"काच वाजली तेव्हा माझा हात गिअरवर होता, लोरेटा."

तिनं चावी काढून घेतली. दुकानाच्या त्या रस्त्याला मुलांची बर्फावरून घसरायची टेकडी होती. दोघांनाही ठाऊक होतं.

सकाळी तो पायी गॉर्डीकडे गेला. गॉर्डी अंगणात बर्फ ओढत होता.

"चावी मी फिरवली," व्हर्लिन म्हणाला. "तसंच सांगायचं."

"अरे, वेडा आहेस का? जन्मभराचं आहे हे!"

"माहीत आहे."

"मग?"

"तू खोटं बोलून मला सोडवलंस तर पुढच्या वेळी मी स्वतः चावी मागेन. आणि तू देशील."

गॉर्डीनं फावडं बर्फात खुपसलं.

गुन्हा कबूल करायची तारीख ऑक्टोबरातल्या एका सोमवारची मिळाली. आदल्या शनिवारी दोघं मुलीकडे, डार्सीकडे गेली. रायफल गाडीतून लोरेटानंच उतरवली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. डार्सी बापाबरोबर लहानपणापासून रानात जात आलेली. तिनं रायफल उचलली, गालाला लावली, जागा सापडेना म्हणून पुन्हा लावली.

"जरा डावीकडे मारते ती," व्हर्लिन खिडकीपाशी उभा राहून म्हणाला. "खूप नाही. हरणाच्या खांद्याच्या उजव्या कडेवर धर. आणि पहाटे थंडीत गोळी भरायचा खटका अडतो, आधी एकदा मागेपुढे करून घे."

"कसा? दाखवा ना, बाबा. सोमवारपर्यंत तर हात लावलेला चालतो."

तो दोन पावलं पुढे आला. मग त्यानं दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल घातले.

"तूच कर," तो म्हणाला. "मी सांगतो."