दाराबाहेरची खुर्ची

इतरांना किस्से जमवावे लागतात. आमच्या खोलीत ते केरासारखे साचतात. आज झाडले तरी उद्या कोपऱ्यात असतातच. मी मानसिक आरोग्याची नर्स. सौंसर आणि पांढुर्णा इथल्या सरकारी दवाखान्यांत ये-जा करते आणि तेरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना थेरपी देते. म्हणजे नेमकं काय करते, हे मला आजवर कोणाला नीट सांगता आलेलं नाही. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगतात, "सुया देते." एकदा मी म्हटलं, "आई, मी सुया देत नाही, मुलांशी बोलते."

"ते मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "पन लोकाले काय सांगू?"

मुलांची नावं मी बदलली आहेत. गोंधळ मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, आणि तो बहुतेक माझाच आहे.

*

पांढुर्ण्याकडच्या एका खेड्यातून एक बाप मुलाला घेऊन आला. मुलगा धड जेवत नव्हता, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी त्याच्याशी तासभर बोलले. तो थोडंफार बोललाही. मी खूश होऊन बापाला आत बोलावलं.

"सुई?" बापाने विचारलं.

"नाही."

"मंग सलाईन?"

"तेही नाही. पुढच्या हप्त्यात परत या."

तो खुर्चीवरून उठेना. "येवढ्या दुरून आलो, सिस्टर. काही तरी लावा ना."

त्याचं मन राखायला मी त्याच्याच दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिलं. ते इतकं वाढलेलं निघालं की मीच त्याला डॉक्टरांकडे नेऊन बसवलं. पुढच्या हप्त्यात त्याच गावातले तीन बाप आले, शर्टाच्या बाह्या वर करून. मुलं कुठे आहेत, असं विचारलं तर एक जण म्हणाला, "पोरं घरीच हायेत. बापाच्या हातात पोराची बिमारी दिसते म्हने तुमाले."

यात चूक कुठे आहे, यावर मी बराच विचार केला. सापडली नाही.

*

आता प्रज्ञाबद्दल सांगते, कारण त्या हिवाळ्यात माझं निम्मं डोकं तिच्यातच अडकलं होतं. प्रज्ञा रामाकोन्याची, बारावीतली. घरात ही पोरगी कोणाला बोलू देत नाही, आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की आवाज बंद. हट्ट नाही, आवाज खरोखरच निघत नाही. आदल्या वर्षी बायोलॉजीच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांसमोर ती नुसती उभी राहिली आणि तिचं वर्ष गेलं. तिला आणायची ती तिची मोठी आई, म्हणजे तिच्या मोठ्या काकांची बायको. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "यंदा बी तोंड नाही उघडलं त शाळा बंद, असं म्हंते हिचा बाप. काही करा, सिस्टर."

यावर एक पद्धत आहे. मूल ज्याच्याशी बोलतं त्याच्यासोबत त्याला खोलीत सोडायचं आणि आपण बाहेर बसायचं. आत आवाज सुरू झाला की दर खेपेला आपली खुर्ची थोडी थोडी आत सरकवायची. इतकी हळू, की मुलाला आपण आल्याचं कळूच नये. नागपूरला शिकवताना हे फार सोपं वाटलं होतं.

मी माझ्याच खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळात माझ्यापुढे लाइन लागली. दाराबाहेर खुर्चीवर बसलेलं माणूस नंबर देण्यासाठीच असतं, हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक आहे. मी डोळेवाल्यांना डावीकडे, दातवाल्यांना उजवीकडे पाठवत राहिले. आमचा वॉर्डबॉय जवळ येऊन हळूच म्हणाला, "सायबानं बाहेर काढलं का तुमाले?"

तेवढ्यात साहेबच, म्हणजे आमचे डॉक्टर, आले.

"सिस्टर, तुमच्या खोलीत कोण आहे?"

"पेशंट."

"आणि तुम्ही बाहेर काय करताय?"

"उपचार."

डॉक्टरांनी माझ्यापुढची लाइन पाहिली. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यायला सुचवलं.

*

दरम्यान एक बसचा किस्सा झाला. सौंसरचाच एक मुलगा, रोहित. बसमध्ये बसला की छाती धडधडायची, घाम फुटायचा, जीव जातो की काय असं वाटायचं. कॉलेज बुडत होतं. अशा भीतीला पायरी पायरीने सामोरं जायचं असतं. आधी नुसतं स्टॅंडवर उभं राहायचं, मग उभ्या बसमध्ये बसून सुटायच्या आत उतरायचं, असं. लोधीखेड्याच्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा झाला होता. आम्ही उतरेपर्यंत तो गाडी सुरू करायचा नाही.

एका मंगळवारी आम्ही बसलो आणि बस सुटली. ड्रायव्हर बदलीचा होता. मी उठून ओरडले, "थांबवा, थांबवा," पण गर्दीत कोणी ऐकेना. माझे हातपाय गार पडले. पुस्तकात लिहिलं होतं की घाई केली तर भीती दुप्पट होते, आणि इथे तर आम्ही गावाबाहेर पडलो होतो. रोहितने माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

"सिस्टर, नाकानं श्वास घ्या. हळू सोडा. भीती वर जाते अन् मंग आपोआप खाली येते, तुमीच त सांगतलं."

लोधीखेडा येईपर्यंत तो मला श्वास घ्यायला लावत होता. येताना तो खिडकीशी बसून भजी खात आला. दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्या पाया पडायला आली. मी म्हटलं, "अहो, मी काही केलं नाही." तिला ते पटलं. ती म्हणाली, "तो कालचा ड्रायव्हर कुठी बसते, सिस्टर? माह्या पुतण्याले बी दाखवाचं होतं."

*

प्रज्ञाची गाडी मात्र उंबऱ्याशी अडली होती. मी खुर्चीचा पुढचा पाय आत टाकला की तिचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. मी परत मागे. परीक्षा जवळ येत होती आणि मला धसका बसला होता. घरी भाजी चिरतानाही माझी नजर दाराच्या उंबऱ्यावरच असायची.

मोठ्या आईला रिकामं बसवत नसे. ती तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन यायची आणि दोघी गप्पा मारत शेंगा सोलायच्या. एकदा तिने उंबऱ्यातूनच माझ्या मांडीवर ओंजळभर शेंगा टाकल्या. "बसल्या बसल्या सोला ना, सिस्टर. नाही तरी तुमी काय करून राहिल्या?"

मी सोलू लागले. सोलता सोलता खुर्ची आत गेली आणि प्रज्ञाचा आवाज थांबला नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्याशी बोलत तर मुळीच नव्हती, पण मी आत होते. हे शेंगांमुळे झालं, की मी नजर खाली ठेवली म्हणून झालं, की तिला माझी दया आली, मला माहीत नाही. मी माझ्या टिपणात "प्रगती" एवढंच लिहिलं. मोठ्या आईने निघताना सोललेल्या दाण्यांच्या वाटीत बघितलं आणि म्हणाली, "भाजीपुरते झाले."

*

आम्ही मुलांना घरी करायला काही तरी देतो. झोप न येणाऱ्या एका मुलीला मी सांगितलं होतं, रोज संध्याकाळी फोन घरी ठेवून संत्र्याच्या बागेत थोडा वेळ शांत बसायचं. पंधरवड्याने तिची आई एकटीच आली, चेहरा टवटवीत.

"तिले अभ्यास होता, म्हनून मीच जाऊन बसत होती. लय झोप लागून राहिली, सिस्टर." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "पोरीले कधीपासून फरक पडन?"

*

आणि आता प्रज्ञाची परीक्षा. तिच्या शाळेतल्या बायोलॉजीच्या मॅडमने मला बोलावून घेतलं होतं. मी गेले आणि सवयीने लॅबच्या दाराबाहेर एक खुर्ची घेऊन बसले. मोठी आई पिशवी घेऊन माझ्या शेजारी उभी. आत परीक्षक सर, बाहेरगावचे, हिंदी बोलणारे, आणि टेबलावर हृदयाचं मॉडेल. प्रज्ञाचा नंबर आला.

सरांनी विचारलं, "ये क्या है?"

काही नाही. सरांनी पुन्हा विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. मॅडम खिडकीकडे बघू लागल्या. मोठ्या आईने माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखायला लागलं. मला रडू येत होतं. गेलं हे वर्षही, असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात प्रज्ञाचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"सर, आप बाहर कुर्सी पे बैठिए. मोठी आई अंदर आएगी."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमने माझ्याकडे पाहिलं. मी का मान हलवली ते मला ठाऊक नाही. सर आपली खुर्ची आणि कागद उचलून बाहेर आले, माझ्या शेजारी बसले, आणि मोठी आई आत गेली.

"हे काय होय वो, बाई?" आतून मोठ्या आईचा आवाज.

"हे दिल होय. हे वरचे दोन कप्पे, हे खालचे दोन. खराब रक्त इकून येते, फुफ्फुसात जाते, साफ होऊन इकून वापस येते."

"अन् मंग?"

"मंग पूर्ण आंगात जाते."

"पायापर्यंत?"

"पायापर्यंत."

"मंग माह्या पायाले मुंग्या काहून येते?"

प्रज्ञाने तेही सांगितलं. सर कान देऊन ऐकत होते आणि मांडीवरच्या कागदावर भराभर मार्क लिहीत होते. मधेच त्यांचं पेन थांबलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "सिस्टर, लेकिन वो अभी मुझसे बोली ना? फिर मैं बाहर क्यों बैठा हूँ?"

प्रज्ञा माझ्याशी तोवर एक अक्षरही बोललेली नव्हती.

मी म्हटलं, "सर, मी तर अख्खा हिवाळा बसले."