सात नंबरची फिली

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसतो, आणि मग आसपास कोणी जुना सहकारी नाही ना, हे पाहून घेतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता आणि मी त्यातल्या बोईसरला नवाकोरा फौजदार म्हणून हजर होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते.

खबर दिली ती सरावलीच्या एका बाईने. मूळची साताऱ्याकडची, नवरा कारखान्यात. पोलीस ठाण्यात येऊन म्हणाली, "रविवार आला की आमचे हे बाजारात सोडा प्यायला जातात अन् तोंड सुकवून परत येतात. असला कसला सोडा, तेवढं बघा."

चौकशीत कळलं की बाजारातला सोडावाला मुंबईच्या घोड्यांच्या शर्यतींवर पैसे घेतो. येत्या रविवारी तर तीन वर्षांच्या माद्यांची, ज्यांना शर्यतवाले फिली म्हणतात त्यांची, वर्षातून एकदाच होणारी मानाची शर्यत होती. गर्दी होणारच. आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी खास वॉरंट मिळवून दिलं आणि बजावलं, "तुझा पहिला छापा आहे. फसलास तर सहा महिने वायरलेसवर बसवीन."

बनावट गिऱ्हाईक म्हणून कोणाला पाठवायचं? हवालदार म्हणाले, "मला पाठवा साहेब. मला घोडा काय नि गाढव काय, सारखंच." पण त्यांना अख्खा बाजार ओळखत होता. माझा चेहरा नवा, म्हणून मीच जातो म्हणालो. ही पहिली चूक. दहाच्या पाच नोटांचे नंबर दोन पंचांसमोर टिपून घेतले. त्यातले एक पंच शाळामास्तर. त्यांनी नंबर दोनदा ताडून पाहिले. ठरलं असं की मी पैसे लावायचे, आणि मुंबईचा ट्रंक कॉल येऊन सोडावाला फोनला लागला की रुमालाने तोंड पुसायचं. समोर भजीवाल्याकडे बसलेली आमची पार्टी आत येईल.

दुकानात वीसेक माणसं होती. बाकावर एक कोळीण रिकामी टोपली पायाशी घेऊन बसली होती. मी भांबावलेला दिसलो असणार, कारण तिने आपणहून विचारलं, "नवा हायस का रे?"

"हो, मावशी. कुठली लावू?"

"सातची लाव. मी पन दहा रुपये लावलेत."

"चांगली धावते का?"

"मला काय माहीत. मला सात पोरी हायत. एकीनं तरी नशीब काडलं पायजे."

सातला एकास बारा भाव होता, म्हणजे तिच्यावर दुसऱ्या कोणाचा फारसा विश्वास नव्हता. मी सरकारी पन्नास रुपये सातवर लावले. सोडावाल्याने नोटा गल्ल्यात वरच ठेवल्या आणि मला चिठ्ठी दिली.

फोन वाजला. पलीकडचं ऐकेल तसं सोडावाला मोठ्याने सांगू लागला. "सुटल्या. तीन पुढं. तीनच्या मागं पाच. सात शेवटून दुसरी."

हीच रुमालाची वेळ. माझा हात खिशापर्यंत गेलाही होता. तेवढ्यात सोडावाला म्हणाला, "सात बाहेरून येतेय," आणि हात तिथेच थांबला.

"सात चौथी. सात तिसरी."

"चल गो बाय माजी," कोळीण पुटपुटत होती. एक वेल्डर "चल मेरी माँ" म्हणत टेबल बडवत होता. आणि लिहायला लाज वाटते, पण मी बाकावर उभा होतो.

सात मानेच्या अंतराने जिंकली. मी गर्दी सारत सगळ्यांच्या आधी गल्ल्याशी पोचलो, चिठ्ठी परत दिली आणि साडेसहाशे रुपये खिशात घातले. सोडावाल्याने चिठ्ठी बर्फाच्या पाण्यात बुडवली. शाई विरघळून गेली. तेव्हा कुठे मला आठवलं की मी पोलीस आहे. रुमाल काढून तोंड पुसलं. घाम आलाच होता.

पार्टी आत आली, दार लावलं, झडती सुरू झाली. गल्ला उपसला, पण नंबर टिपलेली एकही नोट नाही. बाई पोलीस नव्हती म्हणून कोळणीला जाऊ दिलं आणि बाकी सगळ्यांची झडती झाली. त्यांच्याकडेही नाही; चिठ्ठ्या तर त्यांनी पार्टी आत येताच बर्फाच्या पाण्यात टाकल्या होत्या. मग मास्तर अदबीने म्हणाले, "साहेब, आपली राहिली."

पाचही नोटा माझ्या खिशातून निघाल्या. सोडावाल्याने गल्ल्यातल्या वरच्या नोटा पहिल्या जिंकणाऱ्याला दिल्या होत्या, आणि धावत जाऊन पहिला नंबर मीच लावला होता.

"पंचनाम्यात असंच लिहायचं ना?" मास्तरांनी विचारलं.

"असंच लिहा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ठाण्यात साहेबांनी पंचनामा दोनदा वाचला. "मुद्देमाल फौजदाराच्या खिशात, चिठ्ठी फौजदारानेच परत केलेली. तुला फिर्यादी धरू की आरोपी?" हवालदार भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

सोडावाल्याला मी दोन तास विचारत होतो. 'मी सोडा विकतो' यापलीकडे तो सरकेना.

"मग मला साडेसहाशे कशाचे दिलेस?"

"तुम्ही मागितलेत. पोलिसाला नाही कसं म्हणायचं?"

इतक्यात ती कोळीण ठाण्यात शिरली. "आपलं घेतलंस नि मंग धाड घातलीस? लाज नाय वाटत, फौजदारा?" तिने आपली चिठ्ठी टेबलावर ठेवली. "ही बग. याच्याच हातची हाय. माजे एकशेतीस याच्याकडून काडून दे."

मला हवा असलेला पुरावा समोर पडला होता. पण ती चिठ्ठी मुद्देमालात धरली की जुगार खेळली म्हणून तीही आरोपी होणार, हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. सोडावाल्याला होतं. तो पहिल्यांदाच अस्वस्थ झाला.

"मावशी, ती उचल."

"का म्हनून? माजी घोडी पयली आली."

तो माझ्याकडे वळला. "साहेब, हिला यात घेऊ नका. लावलेल्या पैशांची यादी मी काढून देतो."

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण आरोपीने लपवलेली वस्तू स्वतः काढून दिली तर तो पुरावा टिकतो. मास्तरांना पुन्हा बोलावलं. दुकानात बर्फाच्या लादीखालच्या लाकडी भुशातून मेणकापडात गुंडाळलेली यादी निघाली, सगळी सोडावाल्याच्या अक्षरात. त्यात नावं नव्हती. फिलींचे नंबर आणि रकमा होत्या. केस उभी राहिली. कोळणीची चिठ्ठी मात्र मुद्देमालात आली नाही. ती कशी आली नाही, हे मी निवृत्तीनंतरही लिहिणार नाही.

सोडावाल्याने कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला, त्यामुळे माझ्या खिशाची हकिगत पिंजऱ्यात उभं राहून सांगण्याची वेळ माझ्यावर आली नाही. वायरलेसही टळलं. माझे साडेसहाशे अर्थात सरकारजमा झाले.

पुढे नव्या फौजदारांना मी एकच सांगत आलो, की ज्याला निकालाची उत्सुकता नाही त्यालाच इशाऱ्याचं काम द्या. पण स्वतःपुरता शिकलो ते वेगळं होतं. कायदा शिकलेला, शपथ घेतलेला माणूस दीड मिनिटात बाकावर चढू शकतो, हे मला पक्कं कळलं होतं. त्यानंतर जुगारात सापडलेल्या माणसाला मी आधी पाणी दिलं आणि प्रश्न नंतर विचारले.

आठवड्याने बाजारात तीच कोळीण पापलेटं मांडून बसली होती. तिला तिचे पैसे मिळाले का, याचा तपास मी केला नाही. ती भलतीच खुशीत होती. मी म्हटलं, "मावशी, जरा कमी कर."

"ज्याची घोडी आली त्यानं भाव करायचा नसतो, फौजदारा."

मी मुकाट्याने पूर्ण पैसे दिले.