थांबताईची काळी खिडकी

एंटर दाबायच्या आधी थांबताई उजवा हात हवेत धरायची. की-बोर्डच्या वर वीतभर, पाचही बोटं पसरून, आणि मोठ्यांदा म्हणायची, "थांब!" सांगायची ती स्वतःलाच, पण आवाज असा खणखणीत की चहावालाही दारात थबकायचा. त्यामुळे तिचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं.

पळस्प्याच्या अलीकडे, न्हावा शेव्याकडे धावणाऱ्या कंटेनरांच्या धुळीत आमचं ऑफिस. गोदामागोदामातून मालाच्या याद्या यायच्या, त्या एकत्र करून बंदराला पाठवायच्या. त्यासाठीची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञा, ताईनेच लिहिलेली. नुसतं क्लिक केलं तरी ती चालायची, पण ताईला ते मंजूर नव्हतं. ती स्क्रीनवर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडायची, एक ओळ टाइप करायची, उत्तर वाचायची, मग दुसरी. आधी विचारायचं, मी कुठल्या फोल्डरमध्ये आहे? मग, इथे काय काय आहे? मग एखाद्या यादीच्या वरच्या ओळी डोळ्यांखालून घालायच्या. एवढी विचारपूस झाली की मग स्क्रिप्ट. "सोयरीक जुळवायला बसलीय का ही?" असं म्हणत साहेब वैतागायचे.

मी पनवेल शहरातली, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. पहिल्या दिवशी तिला "तुम्ही" म्हटलं, तर म्हणाली, "मना तुमी नको बोलू, मी काय सरपंच हाय?" आणि सुकटीची चटणी लावलेली अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवली. शिकवणं तिचं एका वाक्याचं. "आदी इचार, मंग सांग. न इचारता सांगशील तरी ही खिडकी ऐकंल, बाय. तोच तर घोळ हाय!"

ही ओळीओळीने जायची सवय आली होती तिच्या आईकडून. आई गव्हाणची नावाजलेली धवलारीण, म्हणजे लग्नाच्या विधींची गाणी सांगणारी. आगरी लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. ती गाण्याची एक ओळ म्हणते आणि थांबते. बायका ती ओळ झेलतात, मग पुढची. पण आता म्हातारीचा आवाज बसत चालला होता. गाणी लेकीने उचलावीत म्हणून तिचा रोज जेवणाच्या सुट्टीत फोन यायचा. ताईला सगळी गाणी तोंडपाठ, पण चार बायकांपुढे उभी राहिली की पहिल्याच ओळीला अडायची. "ही खिडकी बरी," ती स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणायची. "चुकली तर चुकली बोलते, पर हसत नाय." एरवी साहेबांनाही न जुमानणारी ही बाई गाण्याचा विषय निघाला की टेबलाखालची चप्पल शोधायला लागायची. आपल्यानंतर ती गाणी कुणाकडे जाणार, या काळजीने म्हातारी झुरत होती.

चुलतबहिणीच्या हळदीसाठी ताईने रजा घेतली, आणि नेमकी त्याच दुपारी स्क्रिप्ट अडली. द्रोणागिरीच्या एका गोदामाने पाठवलेल्या फाइलच्या नावात मध्येच रिकामी जागा होती. काळ्या खिडकीला त्या दोन फायली वाटल्या आणि दोन्ही सापडेनात. बंदराचं गेट बंद व्हायला थोडाच वेळ होता आणि रस्त्यावर भेंडी-मिरचीने भरलेले कंटेनर रांगेत उभे. मी फोन लावला.

"रडू नको," ताई म्हणाली. मांडवात गलका होता, म्हणून ती ओरडूनच बोलत होती. "मी बोलते, तू मागून बोल. मंगच टाइप कर. एल एऽऽस!"

"एल एस," मी म्हटलं. इथे काय काय आहे, हे विचारायची ती आज्ञा.

"एल एऽऽस!" फोनमधून दहा-वीस गळे एकदम उठले.

झालं होतं असं, की म्हातारीचा आवाज मागे बसलेल्यांना ऐकूच जात नव्हता, त्यामुळे हळदीचे हात घेऊन बायका ओळीची वाट बघत ताटकळल्या होत्या. तेवढ्यात खांबाजवळ फोन धरून उभ्या ताईची ओळ धवलारणीच्या ठेक्यात आली आणि ओळीमागचा थांबाही आला. बायकांनी ती झेलली. ओळ कसली, हे बघायला कुणाला सवड होती? फाइलचं नाव बदलायची आज्ञा तर त्यांनी चांगली आळवून म्हटली. शेवटी ताई म्हणाली, "थांब!" आणि अख्खा मांडव गप्प झाला. "एंटर!" मी एंटर दाबलं. यादी गेली. मी इकडे किंचाळले, तिकडे बायका खदखदून हसत होत्या.

त्या हसण्यातून म्हातारीचा घोगरा आवाज आला, "बोलल्या का नाय तुज्या मागं? आता हसून झाल्यात. आता म्हण."

फोन बंद करायचं ताईला सुचलं नाही आणि मला करवेना. मग गावदेवीला आवतण देणारी पहिली ओळ आली, कापत, जरा वरच्या पट्टीत. ती थांबली. मीही थांबले. आणि बायकांनी ती ओळ उचलली.

त्या दिवशी आमचे कंटेनर बोटीवर चढले आणि ताई आमच्या हातून गेली. उलव्यापासून उरणपर्यंत बोलावणी यायला लागली. लग्नसराईत रजा तरी किती घेणार? नोकरी सोडून निघताना मला तिच्या खुर्चीत, काळ्या खिडकीपुढे बसवून म्हणाली, "लिवलेलं सगळं हाय त्यात. पर म्हणायचं तुना हाय." मला तिचा रागच आला होता. इतकी हक्काची माणसं अशी सोडून जातात का?

आम्ही आगरी नव्हे, तरी माझ्या हळदीला मी हट्टाने तिलाच बोलावलं. नऊवारीत आली, म्हातारीला हाताला धरून. पहिली ओळ म्हटली आणि सवयीने उजवा हात हवेत धरला, पाचही बोटं पसरून. मागून आमचे साहेब ओरडले, "एंटर!" ताईला गाता गाता हसू फुटलं, पण हात तसाच होता. शेजारी बसलेली म्हातारी ओठांनीच ती ओळ पुटपुटत होती. मग सगळ्या मांडवाने उत्तर दिलं आणि मी ढसाढसा रडले. बायका एकमेकींना म्हणाल्या, "माहेर सुटतंय बिचारीचं." नवऱ्याचं घर तर दोन गल्ल्या पलीकडे होतं.