बडे बाबूंनी निवडलेली खोली

रिकाम्या खोलीत शिरण्याआधी आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, दारात थांबायचे, कडी दोनदा वाजवायचे आणि विचारायचे, "आहे का कोणी?" मग उत्तर यायला लागेल तितका वेळ वाट बघायचे आणि त्यानंतरच पाय आत टाकायचे.

बालाघाटच्या कालवे कार्यालयात मी रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी हे पाहिलं. नकाशांच्या खोलीचं कुलूप त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं होतं. आत कोण असणार? मला हसू आलं. ते रागावले नाहीत.

"विचारून गेलेलं बरं, ताई. एकदम गेलो तं कोणी दचकायचं."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण आधी त्यांना हसतो आणि कधी त्यांच्यासारखे वागायला लागतो ते कळत नाही. वर्षभरात मीही त्या खोलीच्या दारात क्षणभर थांबू लागले.

बाबू मूळचे रामपायलीचे. बायको फार लवकर गेली, नागपूरला, दवाखान्यात. एवढंच आम्हाला ठाऊक. मुलगी आजीनं वाढवली. बाबू डबा स्वतः करायचे. भाजी बिघडली की झाकण उघडून डब्यालाच म्हणायचे, "आज नाही जमलं बा."

आमच्याकडची पोरं शिकायला, कामाला नागपूर गाठतात. तिथं खोली बघायची असली की त्यांचे आईबाप बाबूंकडे यायचे. नागपूरची बरीच माहिती त्यांना होती. "पाणी कधी येते ते मालकाले नको विचारू, शेजारणीले विचार," असला त्यांचा सल्ला असायचा. स्वतः मात्र ते नागपूरला कधी मुक्कामाला राहिले नाहीत. मुलीकडे सकाळी जायचे आणि संध्याकाळी परत निघायचे.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. मुलगी हट्टाला पेटली, आता एकटं राहायचं नाही. एक दिवस बाबू माझ्या घरी आले.

"नागपुरात दोन घरं हायेत. एक पोरीनं पाह्यलं, एक म्या. तुम्ही चला पाहाले. पोरगी माह्यं ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं नागपूरला गेलो; मुलगी तिथं आमची वाट बघत होती.

मुलीनं पाहिलेला फ्लॅट बेसा भागात होता, तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. रुंद रस्ते, लिफ्ट, खाली छोटीशी बाग. वाण्याचं दुकान तेवढं लांब होतं आणि रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नव्हतं. पण घर लख्ख, हवेशीर. बाबूंनी दारात थांबून विचारलं, "आहे का कोणी?" वाट पाहिली. मग आत न जाताच मागे फिरले.

"इथं कोणीच नाही."

"नवीन आहे ना बाबा," मुलगी म्हणाली. "कोण असणार?"

"तेच तं."

दुसरी जागा अजनीकडे, मोठ्या दवाखान्यामागच्या जुन्या वस्तीत. अरुंद गल्ल्या, औषधांची दुकानं, खानावळी. गावोगावच्या रुग्णांचे नातेवाईक ओट्यावर स्टोव्ह पेटवून बसलेले. त्या वस्तीत अनोळखी माणसाला नाव विचारत नाहीत. "कोण आजारी हाय तुमचं?" असं विचारतात. आम्हालाही दोघांनी विचारलं. मुलीचा चेहरा उतरत चालला होता.

खोली पहिल्या मजल्यावर होती. बाबूंनी कडी वाजवली, विचारलं, थांबले. यावेळी फार वेळ थांबले. मग चपला काढल्या, आत गेले आणि दार ओढून घेतलं.

आम्ही दोघी जिन्यात घरमालकिणीशी बोलत राहिलो. मी सहज विचारलं, "इतक्या गजबजलेल्या भागात ही खोली रिकामी कशी?"

तिनं आवाज खाली आणला. "खोटं नाही सांगत जी. टिकत नाही कोणी. आमी घर घेतलं तवापासून असंच हाय. तरास काही नाही. फक्त दुपारी चार वाजले का आतून बाईचा आवाज येते. 'आले का?' एवढंच. रडत नाही, ओरडत नाही. पण रोज तेच आयकून लोकं निघून जातात."

मुलीनं माझा दंड पकडला. "काकू, बाबांना बाहेर बोलवा. आत्ताच्या आत्ता."

चार वाजून गेले होते. मी दार ढकललं. बाबू खिडकीखाली, जमिनीवर मांडी घालून बसले होते. तोंड भिंतीकडे. हळू आवाजात म्हणत होते, "हौ. आलो. लाइन मोठी होती."

बाईचा आवाज तू ऐकलास का, असं मला पुष्कळांनी विचारलं. नाही ऐकला. पण बाबूंचं बोलणं ऐकलं, आणि ते कुणालातरी दिलेलं उत्तर होतं. ते उठेपर्यंत मी दारातच थांबले.

खाली चहाच्या टपरीवर बाबूंनी सांगितलं. उपचारासाठी ते दोघं याच खोलीत राहिले होते.

"डॉक्टरनं दवाई लिहून देल्ली. मी आणाले गेलतो. तिनं विचारलं, किती वेळ लागंन? म्या म्हटलं, आलोच. परत आलो तं लोकांनी तिले दवाखान्यात नेलं होतं. ती तिथंच गेली. मंग मी या खोलीची पायरी चढलोच नाही. सामान साळ्यानं आणलं."

मुलीनं चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "मला कधीच सांगितलं नाही तुम्ही."

"काय सांगू बेटा? आलोच म्हणून गेलो अन् अठ्ठावीस वर्षं लागली, असं सांगू?"

"आणि मी? मी तिकडे आहे ना, बेसाला."

बाबूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुह्याकडं मी कधीही येईन. तिले कुठं येता येते?"

त्यांनी ती खोली घेतली. मुलगी आधी महिनाभर बोलली नाही, मग दर रविवारी डबा घेऊन येऊ लागली. घरमालकीण सांगायची, बाबू आले तेव्हापासून चार वाजता काही ऐकू येत नाही. या उन्हाळ्यात एका दुपारी बाबू झोपेतच गेले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एकदाही आजारपणाची रजा घेतली नव्हती. गेले तेही कुणाला तसदी न देता.

त्याआधी त्या खोलीवर मी त्यांना एकदाच भेटले. चहा झाला, गप्पा झाल्या. निघताना ते मला ऑटोपर्यंत सोडायला आले. गल्ली एवढी चिंचोळी, तरी ते मलाच खेटून चालत होते. मी त्यांच्या डाव्या हाताला. उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी सोडलेली. चालही फार सावकाश, दुखणाइताला धरून न्यावं तशी. समोरून एक मोटारसायकल आली, तसा त्यांनी त्या मोकळ्या बाजूला हात आडवा धरला.

"सांभाळून. इथं खड्डा हाय."

"हो बाबू," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघतच नव्हते.