बावीस जोड चपला

मी भित्री नाही, असं आयुष्यभर सगळ्यांना ठणकावून सांगत आले. पण त्या एप्रिलमध्ये एका दुपारी चहा वाटताना हातात एक पेला उरला आणि मी पुरती घाबरले.

डहाणूजवळ मसोलीत तीन खोल्यांची आमची छोटी संस्था आहे. वय वाढलं पण समज लहानच राहिली, अशी मोठी माणसं दिवसभर आमच्याकडे असतात. कागदी पिशव्या चिकटवतात, वाती वळतात, भांडतात, लगेच हसतात. संध्याकाळी घरचे येऊन नेतात. माणसं बावीस आणि सांभाळायला आम्ही दोघी. दर अर्ध्या तासाने सगळ्यांना मोजायचं असा नियम. पण एका जागी बसतील तर ना! एक उठला की तिघं त्याच्या मागे. म्हणून मी एक युक्ती काढली होती. प्रत्येकाच्या चपलेला रंगीत लोकर बांधलेली असते आणि सगळे जोड पायरीवर असतात. दारातूनच ते मोजायचे. माणसं हलतात, चपला हलत नाहीत. या हुशारीबद्दल मी स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

पेला उरला तेव्हाही मी आधी पायरीकडेच पाहिलं. बावीस जोड, हिरव्या लोकरीचाही जागेवर. तो जोड ज्याचा, तोच खोलीत नव्हता. अडतीस वर्षांचा, माझ्याहून वीतभर उंच आणि तोंडात एक शब्द नाही. मी संडासात पाहिलं, कपाटामागे पाहिलं, पिशव्यांचा ढीगही उपसला, जसं काही तो मांजराचं पिल्लूच होता.

मग सकाळचं आठवलं.

त्याला चपला लावून ठेवायचा नाद. मोठी आधी, मग त्याहून लहान, अशी ओळच्या ओळ. त्या दिवशी संस्था बघायला पाहुणे आले होते आणि त्यांचे बूटही त्याने आमच्या चपलांत मापाप्रमाणे बसवले होते. एक पाहुणा दहा मिनिटं एका पायात बूट घालून लंगडी घालत दुसरा बूट शोधत होता. लाजेने मेल्यासारखं झालं. मुळात माझं डोकं तापायला काडीही लागत नाही. पाहुणे फाटकाबाहेर पडले आणि मी लाकडी पट्टी जमिनीवर आपटून ओरडले, "परत चपलेला हात लावलास तर याद राख! एकाही चपलेला हात लावायचा नाही!"

तो कोपऱ्यात जाऊन बसला. आणि त्याने माझं ऐकलं. जाताना स्वतःच्या चपलेलाही हात लावला नाही.

सोबतिणीला बाकीच्यांजवळ बसवलं, त्याच्या चपला माझ्या पिशवीत कोंबल्या आणि मी धावत सुटले. डांबर मऊ झालं होतं. माझ्या चपलेतूनही चटका लागत होता, आणि तो अनवाणी.

त्याची आई तलासरीकडच्या पाड्यावरून त्याला रोज घेऊन येते. चारोटीला गाडी बदलायची, त्याला आमच्याकडे सोडायचं आणि साडेचारपर्यंत डहाणू रोड स्टेशनबाहेर ताडगोळे विकत बसायचं. म्हणजे त्याला पाठ असलेला रस्ता एकच, आमच्या पायरीपासून स्टेशनपर्यंतचा. हे मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. पण तिथे ती बसलेली असणार. तिला काय तोंड दाखवू? तुझा मुलगा हरवला आणि मी चपला मोजत होते, असं सांगू? म्हणून मी स्टेशन सोडून सगळीकडे धावले. आज लिहितानाही लाज वाटते.

चिकूच्या वाडीत शिरले. तिथे कठडा नसलेली एक विहीर आहे. वाकून पाहिलं तर खाली पाण्यावर काहीतरी पांढरं तरंगत होतं. त्याचा सदरा पांढरा होता. डोळे स्थिर झाल्यावर कळलं, ती रिकामी गोणी होती. तेवढ्यात रुळांच्या बाजूने गाडीचा भोंगा वाजला आणि वाजतच राहिला. कुणीतरी आडवं आल्याशिवाय इतका वेळ वाजवत नाहीत, असं मनात आलं. मग मात्र मी स्टेशनकडे पळाले. आता आईच्या तोंडापेक्षा रुळांची भीती मोठी झाली होती.

तो तिच्या टोपलीमागे बसला होता. पाण्याच्या घमेल्यात दोन्ही पाय सोडून ताडगोळा खात होता. तळव्यांना मोठमोठे फोड आले होते.

तिने मला पाहिलं. "बाय, आज लवकर सोडलास याला? कवाचा येऊन बसलाय. आन् चपला कुठं गेल्या याच्या?"

'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. ते 'हो' माझ्या ओठांवर आलंही होतं. मी पिशवीतून चपला काढून त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने त्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं, आणि झटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले. त्या धक्क्याने घमेल्यातलं पाणी सांडलं.

तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं, मग माझ्याकडे.

"मी नाही सोडलं," मी म्हणाले. "मी सकाळी त्याला फार ओरडले. तो निघून गेला आणि मला कळलंच नाही. तासभर शोधतेय." बोलता बोलता मला रडू फुटलं.

वाटलं, आता ही शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. तिने पदराने त्याचा एकेक तळवा हलक्या हाताने टिपला. मग मान वर केली तेव्हा तिचा चेहरा माझ्यापेक्षा घाबरलेला होता.

"चुकला तो, बाय. परत नाय पळायचा, मी सांगीन त्याला," ती म्हणाली. "उद्या घेशील ना त्याला?"

घेणार, घेणार, असं मी किती वेळा म्हणाले कोण जाणे.

फोड भरल्यावर तो परत आला. आता मी माणसं मोजते, एकेकाच्या खांद्याला हात लावून. पट्टी मी चुलीत घातली. त्याला रोज सांगते, लाव बाबा चपला, हव्या तशा लाव. पण तो त्यांना हात लावत नाही. सकाळी पायरीवर येतो, थांबतो, आणि मी 'काढ' म्हणेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो.