आधीच्या तारखेचा अहवाल

माझी थोरली बहीण गेल्या वर्षी माघात, एका मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता, कोरीटला आमच्या घरी वारली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्याआधी बरीच वर्षं ती एचआयव्हीची औषधं घेत होती. एकही दिवस चुकल्याचं मला आठवत नाही.

तिचं सासर म्हसावदचं. नवरा लग्नाआधी सहा वर्षं सुरतेत कापड रंगवण्याच्या कारखान्यात होता. लग्नानंतरही सहा महिने तिकडे, सहा महिने गावात असं चाले. पहिल्या खेपेला सातवा महिना लागला तेव्हा सरकारी दवाखान्यात तिचं रक्त तपासलं. अहवाल पॉझिटिव्ह आला. नवऱ्याची तपासणी त्यानंतर वर्षभराने झाली, तीही त्याला क्षय झाला म्हणून. त्याचाही अहवाल तोच. मधल्या काळात मुलगी झाली होती. तिची तपासणी पुढे झाली आणि तिचा अहवाल निगेटिव्ह आला.

सासूने दोन्ही कागद शेजारी ठेवून तारखा वाचून घेतल्या.

“हिन्हा कागद पहिले वना. मन्हा आंडोरना वरीसभर मांगेथून. मंग कोन्ही आनं?”

ज्याचा कागद आधीचा त्याचा आजार आधीचा, म्हणजे मुलाला तो सुनेनेच दिला, असा हा हिशेब होता. गावात तो सगळ्यांना पटला.

मी तेव्हा नंदुरबारला एका दैनिकाचा वार्ताहर होतो. त्याच सुमारास बाहेरून संशोधकांचं एक पथक जिल्ह्यात आलं. लागण झालेल्या माणसांच्या रक्तातल्या विषाणूचे प्रकार त्यांना पाहायचे होते. विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाताना थोडा थोडा बदलतो. ते बदल जुळवून पाहिले, की या भागात तो एकदाच शिरला की अनेकदा, गुजरातकडून आला की आणखी कुठून, याचा अंदाज बांधता येतो. पथकातल्या डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं होतं. ‘अंदाज’ हा शब्द माझ्या वहीत आहे.

बातमीत तो नव्हता. मथळा मीच दिला होता: ‘विषाणू कुठून आला, रक्त सांगणार’. दोन कॉलमात तो बसत होता. अंदाज घातला तर बसत नव्हता.

चौथ्या दिवशी बहीण कात्रण घेऊन कार्यालयात आली. आमच्याकडच्या शिपायाला ती म्हणाली, “आमना भाऊ पेपरवाला. समद्या जगनी खबर ऱ्हास त्याले, बहीननी तेवढी नही.” तो हसला. मग तिने कात्रण माझ्यासमोर ठेवलं.

“हाई तूच लिखेल शे ना?”

“हो.”

“मंग रगत सांगी का, कोन्ही आनं ते?”

मी नाही म्हणालो नाही. विचारून सांगतो, म्हणालो. तिने ते होकारासारखं घेतलं.

पुढच्या आठवड्यात ती पथकाकडे दवाखान्यात रक्त द्यायला आली, नवऱ्यालाही आणलं. तो तेव्हा बराच खंगला होता, बाकावर टेकून बसला. संशोधनाचा फॉर्म वाचून दाखवला गेला, त्यात व्यक्तीला निकाल कळवला जाणार नाही असं स्पष्ट होतं. बहिणीचं लक्ष तिकडे नव्हतं. नवऱ्याने बाही वर केली.

“ल्या. काय लेवानं ते ली ल्या.”

दोन महिन्यांनी तो गेला.

तेराव्यानंतर सासूने बहिणीला सांगितलं, “पोर आमनी शे. तिले काही नही. तू तुन्हा माहेरले जाय.” माझी बातमी त्या घरात होती. रक्त सांगणार असं पेपरात आलं, तारखा तर हातातच होत्या, तेव्हा रक्ताने सांगितलंच असं त्यांनी धरलं. मुलगी दीड वर्षाची होती. ती म्हसावदलाच राहिली.

बहिणीला आता आजार तिने आणला नाही असं सांगणारा एक कागद हवा होता. तो मिळाला तर मुलगी परत मिळेल, असं तिला वाटत होतं. मी डॉक्टरांना गाठलं. कोणाचंही नाव न घेता त्यांनी मला एक चित्र दाखवलं. झाडासारखं, उलटसुलट फांद्यांचं, प्रत्येक टोकाला एक आकडा. आमच्याकडचे बहुतेक नमुने एकाच दाट झुबक्यात होते. थोडेच लांब, वेगळ्या फांद्यांवर.

“समजा दोघांचे नमुने अगदी शेजारी आले,” मी विचारलं, “तर कोणाचा कोणाकडे गेला ते कळेल?”

“नाही. ते जवळचे आहेत एवढंच कळेल. या चित्रात फांद्या आहेत, बाण नाहीत.”

“लिहून द्याल?”

“तुम्हीच लिहा ना. आधी तुम्हीच लिहिलं होतं.”

मी खुलासा लिहिला. मूळ अकरा ओळी होत्या. छापून आल्या तीन, पान पाचवर, बाजारभावांच्या खाली. बहिणीने तो दोनदा वाचला.

“पहिले इतलं मोठं लिखं, आन आते इतलंसं? म्हसावदले कोन वाची हाई?”

तो घेऊन मी म्हसावदला गेलो. तिच्या दिराने वाचून घडी घातली आणि परत दिला.

त्यानंतर मायलेकींची भेट वर्षातून एकदा, सारंगखेड्याच्या यात्रेत व्हायची. सासू मुलीला घेऊन येई. बहीण बांगड्यांच्या दुकानाजवळ थांबे. बहुतेक वेळा मी सोबत असे. मुलगी नऊ वर्षांची असताना आजीचं बोट न सोडता तिने आईला विचारलं, “ती बिमारी तूच आनी का?”

बहीण म्हणाली, “तुन्हा मामाले इचार. त्यानी लिखेल शे.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. सासूनेही.

मी सांगितलं, की रक्तावरून ते ठरवता येत नाही. हे अचूक होतं. कोरीटला परत येईपर्यंत बहीण माझ्याशी बोलली नाही. पुढच्या वर्षी ती यात्रेला एकटी गेली.

ती वारल्याचं मी म्हसावदला फोन करून कळवलं. दीर म्हणाला, “बरं.” दहाव्याला मुलगी एकटी आली. ती आता शहाद्याला एका दुकानात कामाला आहे. विधी आटोपल्यावर ती ओट्यावर माझ्याजवळ बसली.

“मामा, मंग बाबासनं रगत पहिले कसं नही तपासं?”

मी सांगितलं. तेव्हा गरोदर बाईचं रक्त दवाखान्यात आपोआप तपासलं जाई. पुरुषाचं तपासायला तो आजारी पडावा लागे. म्हणून बाईचा कागद आधी निघे. आमच्याच नाही, पुष्कळ घरांत असंच झालं होतं.

मग यात्रेत जे सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. तिचे वडील लग्नाआधी सहा वर्षं सुरतेत होते. तिची आई लग्नापर्यंत नंदुरबारच्या पुढे कधी गेली नव्हती, आणि लग्नानंतर, तो अहवाल येईपर्यंत, माहेर सोडलं तर शहाद्याच्या पुढे. हा पुरावा नाही, हेही सांगितलं.

“हाई तुले तव्हय माहीत व्हतं?”

“होतं.”

तिने आईच्या औषधांची जुनी कार्डं मागितली. ती कपाटात होती. त्यातल्या शेवटच्या कार्डावर आईचा फोटो होता, तेवढं एक तिने घेतलं.

ती तीन दिवस राहिली. चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या म्हसावदच्या बसने गेली. तिथे आजीशी तिचं काय बोलणं झालं, याची मला माहिती नाही. कार्ड तिच्या पर्समध्ये होतं.