भगवंतरावांचं धुराडं

उंद्रीच्या स्टँडवर माझं पशुखाद्याचं दुकान आहे. या हकिकतीत माझ्या हातून जे झालं ते मी लपवणार नाही. पण गावातले लोक ते सांगताना फार तिखटमीठ लावतात, म्हणून मीच लिहायला बसलो. म्हैस घरात शिरली हे साफ खोटं आहे. तिनं खिडकीतून फक्त डोकं आत घातलं होतं.

भगवंतराव माझे शेजारी. वय अडुसष्ट, आवाज खणखणीत, स्वभाव तापट. सहा एकर शेती, त्यात अर्धा एकर वांगी ठरलेली. घरात रुक्मिणीबाई, गोठ्यात एक म्हैस आणि एकुलती एक लेक डिंपल पुण्याला नोकरीत. पण उंद्रीत भगवंतरावांना ओळखतात ते यातल्या कशानंही नाही, तर त्यांच्या भरतानं.

चंपाषष्ठीला आमच्याकडे खंडोबाला वांग्याच्या भरताचा नैवेद्य असतो. चातुर्मासात ज्यांनी वांगं सोडलेलं असतं ते त्या दिवशी पुन्हा खायला लागतात, त्यामुळे चार महिन्यांची वखवख एकाच पंगतीत बाहेर पडते. देवळामागे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, जाळ करायचा आणि त्यात वांगी भाजायची. एकेचाळीस वर्षं तो जाळ भगवंतरावांचा होता. नैवेद्य देवाच्या आधी चाखता येत नाही, म्हणून बोट बुडवून चव बघायची सोय नाही. भगवंतराव तर वांग्याकडे बघतही नसत. जाळाकडे पाठ करून, समोर जमलेल्या लोकांशी राजकारणावर तावातावानं बोलत उभे राहायचे, मध्येच नाक वर करायचे आणि ओरडायचे, "काढा!" त्या क्षणी काढलेलं वांगं आतून लोण्यासारखं निघायचं. मला भगवंतरावांचं फारसं काही पटत नाही, पण हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मग त्यांना दमा लागला. डॉक्टरनं धुरात बसणं बंद म्हणून सांगितलं, रुक्मिणीबाईंनी घरातल्या काडेपेट्या लपवल्या आणि देवळाच्या मंडळींनी भरताचं काम केटरर ज्ञानेश्वरला देऊन टाकलं. ज्ञानेश्वर वांगी गॅसच्या भट्टीवर भाजतो. हे ऐकून आपण तीन दिवस जेवलो नाही असं भगवंतराव सांगतात. रुक्मिणीबाई म्हणतात, एक सांज.

"गॅसवर?" ते माझ्या दुकानात येऊन गरजले. "देवाले का चहा पाजून राह्यले?"

खंडोबाचे पुजारी भागवत महाराज समजूतदार माणूस. त्यांनी मधला मार्ग काढला. पंगतीचं भरीत ज्ञानेश्वरनं करावं. नैवेद्याची पाच वांगी मात्र भगवंतरावांनी भाजावीत, पण जाळापाशी न बसता. ते कसं, हे त्यांचं त्यांनी बघावं. नाही जमलं तर नैवेद्यही गॅसवरचा.

"रामराव, एवढे पाच वांगे तरी माह्या हातचे असले पाह्यजे," भगवंतराव मला म्हणाले. त्या वेळी आवाज खणखणीत नव्हता. मला त्यांची दया आली, आणि मी ती माझ्या स्वभावाप्रमाणे दोन शिव्या देऊन व्यक्त केली.

तोडगा डिंपलनं शोधला. टेबलावर मावणारी, विजेवर चालणारी धुराची भट्टी. तिच्या पाठीमागच्या पेटीत भुसा दाबून केलेल्या लाकडाच्या गोळ्या भरायच्या. आतला स्क्रू एकेक गोळी जाळात ढकलतो. आचेचा आकडा लावला की तेवढीच आच राहते. फुंकायचं नाही, वाकायचं नाही, दहा हात लांब उभं राहायचं. इंग्रजीत तिला काहीतरी भारदस्त नाव होतं, पण खोकं गल्लीत उतरलं आणि तासाभरात तिचं नाव धुराडं पडलं.

जोडणी मागच्या पडवीत झाली. डिंपल व्हिडिओ कॉलवर पुण्याहून सांगत होती, भगवंतराव पान्हा धरून होते आणि मी पुस्तिका वाचत होतो. पहिल्यांदा पाय उलटे बसले, त्यामुळे धुराडं रुसलेल्या पाहुण्यासारखं भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. दुसऱ्यांदा बरोबर बसले, तर एक स्क्रू उरला.

"बाबा, तो कशाचा आहे?" डिंपलनं विचारलं.

"जास्तीचा देतात कंपनीवाले," भगवंतरावांनी स्क्रू खिशात टाकला.

मग त्यांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं. ते नेमकं आकड्यांच्या काचेवर वाहिलं, त्यामुळे दोनशे तीसचा आकडा शेवटपर्यंत दोनशे आणि पुढे कुंकू असाच दिसला.

पुस्तिकेत लिहिलं होतं की पहिल्या खेपेला भट्टी पाऊण तास रिकामी चालवावी, म्हणजे आतलं तेल जळून जातं. रुक्मिणीबाईंनी याला साफ नकार दिला. "रिकाम्या भांड्याखाली जाळ करत नसतात. घरात बरकत राहात नाही." डिंपलनं समजावलं, मी समजावलं. शेवटी आत एक बटाटा ठेवला तेव्हा त्या बाजूला झाल्या. पाऊण तासानं पातळ निळसर धूर वर निघत होता आणि बटाटा सुरकुतला होता.

"वास बरा हाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"हाव, बरा हाय," भगवंतराव लगेच म्हणाले.

तो बटाटा मात्र रुक्मिणीबाईंनी कोणाला खाऊ दिला नाही. तेल प्यायलेला आहे म्हणाल्या.

उरलेल्या गोळ्यांचं पोतं भगवंतरावांनी गोठ्यात ठेवलं, माझ्याच दुकानातल्या गोळी पेंडीच्या पोत्याशेजारी. आता हे सांगितलंच पाहिजे, की म्हशीची गोळी पेंड आणि ही लाकडाची गोळी दिसायला अगदी जुळ्या बहिणी. तीच जाडी, तीच लांबी, तोच मातकट रंग. मी तीस वर्षं पेंड विकतो आहे, मीसुद्धा हातात घेतल्याशिवाय सांगू शकलो नसतो. मग धारा काढायला येणाऱ्या अंबूबाईंना का बोल लावायचा? चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी ते पोतं म्हशीपुढच्या दोन घमेल्यांत ओतलं. एकात पाणी घालून ठेवलं, एक कोरडं ठेवलं.

पाण्यातल्या गोळ्या फुगून त्यांचा भुसा झाला. कोरड्या घमेल्यावर म्हशीनं नाक धरलं, जोरात फुर्र केलं आणि तोंड फिरवलं. अंबूबाई भगवंतरावांना बोलवायला आल्या त्या हेच सांगायला, की म्हैस आजारी दिसते, पेंड खात नाही.

भगवंतरावांनी घमेल्यातला ओला भुसा मुठीत घेऊन पाहिला.

"एक घमेलं तर कोरडं हाय," मी म्हणालो. "तेच घ्या ना जी."

"म्हशीचं उष्टं? देवाच्या नैवेद्याले?" ते ओरडले. "अक्कल हाय का बे तुले?"

नवं पोतं मागवलं तर आठ दिवस लागणार होते. चंपाषष्ठी उद्यावर आलेली. आणि इथे मी बोललो. लाकडाचा भुसा काय आणि सरकीचा चोथा काय, दोन्ही दाबलेलेच. जाळायचंच तर आहे. असं म्हणून मी दुकानातून पेंडीचं कोरं पोतं आणलं. हे भगवंतरावांनाही पटलं होतं, एवढं नोंदवून ठेवतो.

धुराड्याच्या पेटीत पेंड भरली, बटण दाबलं. वांगी उद्यासाठी धुऊन ठेवली होती; आज नुसता जाळ लागतो का ते बघायचं होतं. दहा मिनिटं काही झालं नाही. मग पिवळा, जाड, चिकट धूर सुटला. त्या वासाचं वर्णन मी करू शकतो, पण जेवणाच्या वेळी कोणी वाचत असेल. पेंडीत उसाची मळी असते, सरकी असते, मीठ असतं. ते सगळं एकदम करपलं. अंबूबाई पदर नाकाला लावून रस्त्यावर पळाल्या. शेजारचा एक जण कोणाच्या घराला आग लागली म्हणून बादली घेऊन आला आणि बादली टाकून परत गेला. मी उंबऱ्यावर उभा राहून डोळे पुसत होतो. गोठ्याकडच्या खिडकीतून म्हशीनं डोकं आत घातलं आणि आपलं जेवण जळताना पाहून हंबरायला लागली.

भगवंतराव दहा हात लांब, पाठीवर हात बांधून, प्रसन्न चेहऱ्यानं उभे होते.

"काय वास सुटला, रामराव!" ते म्हणाले. "याच्यापुढं पऱ्हाटी झक मारते."

मी हसणार होतो. पण रुक्मिणीबाई हसल्या नाहीत. त्या नाकावरचा पदर खाली घेऊन नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"कशाचा वास येऊन राह्यला तुमाले?"

"भरताचा. दुसरा कशाचा?"

धुराड्यात एकही वांगं नव्हतं.

तेवढ्यात मळी वितळून आतला स्क्रू जाम झाला, काचेवर कुंकवाच्या बाजूला काहीतरी इंग्रजी अक्षरं लुकलुकली आणि यंत्र बंद पडलं. त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. भगवंतराव बाजेवर बसले.

"दोन सालं झाले," ते म्हणाले. "फुलाचा नाही, शेणाचा नाही, कशाचाच येत नाही."

"मंग मागच्या साली 'काढा' कसं म्हणलं?" मी विचारलं.

"लोक समोर उभे राह्यत ना. त्याइचे नाकं फुगले, का मी ओरडो."

मला हसू आलं. दोन वर्षं हा माणूस गावाच्या नाकांवर नजर ठेवून भरीत भाजत होता, आणि गाव त्याच्या नाकाची तारीफ करत होतं.

"आता पडवीत मी एकटाच," भगवंतराव म्हणाले. "मशीन सांगते आकडा. वांगं कवा झालं ते थोडीच सांगते? सांगा भागवत महाराजाले, गॅसवरचंच दाखवा म्हणा."

"मी हाय ना," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"तुले काय समजते त्यातलं?"

मला वाटलं आता भांडण होणार. पण रुक्मिणीबाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही. "देवळामागचा वास आपल्या चुलीपर्यंत येते. एकेचाळीस सालं तुमी 'काढा' म्हणायच्या आधी मी नैवेद्याचं ताट पुसाले घेते. एक डाव तरी उशीर झाला का?"



मग रुक्मिणीबाईंनी उष्ट्याचाही निकाल लावून टाकला. "सरपण देवाच्या ताटात जात नसते. अन् म्हशीनं तोंड नाही लावलं, नुसतं हुंगलं." त्यांनी कोरड्या घमेल्यातल्या गोळ्या सुपात घेऊन पाखडल्या. शिक्षा म्हणून धुराड्याच्या पोटातली मळी खरवडायचं काम माझ्याकडे आलं. दुपारभर मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो होतो. म्हैस खिडकीतून बघत होती.

चंपाषष्ठीला सकाळी पाच वांगी आत गेली. भगवंतरावांनी त्यांना टोचे मारले, तेलाचा हात लावला, एकेक वांगं कडेनं बसवलं. रुक्मिणीबाई झाकणापाशी उभ्या राहिल्या. भगवंतराव सवयीप्रमाणे पाठ करून उभे होते, पण राजकारणावर एक शब्द निघाला नाही.

"आता?"

"थांबा."

"आता व?"

"कच्च्या सालाचा वास येऊन राह्यला अजून. थांबा म्हणलं ना."

साल काही पऱ्हाटीवर होतं तसं काळं होईना. भगवंतराव हताश व्हायला लागले. दर पाच मिनिटांनी ते मागे वळत आणि बायकोच्या नाकाकडे बघत. तासाभरानं रुक्मिणीबाईंनी न बोलता ताट पुसायला घेतलं.

"काढा!" भगवंतराव ओरडले. गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं.

लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात घालून त्यांनी स्वतः ठेचलं. देवळात भागवत महाराजांनी नैवेद्य दाखवला, मग पाच वांग्यांचं ते भरीत पंगतीत बोटबोटभर वाढलं. भगवंतराव खांबाला टेकून उभे होते आणि घास घेणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी ज्ञानेश्वर, गॅसवाला, पळी हातात घेऊन भट्टीपासून उठून आला. त्यानं बोट चाटलं, परत चाटलं.

"काका," तो म्हणाला, "हे आपल्या बापाच्यानं होत नाही."

पंगत हसली, कोणी टाळ्या वाजवल्या. भागवत महाराज म्हणाले, "भगवंतराव, नाक म्हणजे तुमचंच!"

आता हा माणूस हे घेऊन टाकणार, असं मला वाटलं. एकेचाळीस वर्षं घेत आला होता.

"नाही महाराज," भगवंतराव मोठ्यानं म्हणाले. "माहं नाक दोन सालापासून गेलं. हे हिच्या नाकानं भाजलं." आणि त्यांनी बायकांच्या पंगतीत बसलेल्या रुक्मिणीबाईंकडे बोट दाखवलं.

लोकांना वाटलं, गंमत करतात. पुन्हा हसणं झालं. भगवंतराव मात्र हसत नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी धुराचं निमित्तही नव्हतं.

रुक्मिणीबाई पानावरून उठल्या. आपल्या वाटचं बोटभर भरीत त्यांनी भाकरीवर घेतलं, सगळ्यांदेखत पंगत ओलांडून आल्या आणि ते भगवंतरावांच्या हातावर ठेवलं.

"लसूण डबल पडला," त्या म्हणाल्या. "पुढच्या सालापासून तोबी मले विचारून टाकत जा."